उंबरठ्यावर अडलेले पाऊल : प्रस्तावना

आमच्या मोठेबाबांचा आजार पहिल्यांदा ओळखला तो घराच्या उंबरठ्याने. वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यातले जुने घर, सागाची चौकट आणि वीतभर उंचीचा उंबरठा. सत्तर वर्षे हा माणूस तो न बघता ओलांडत आला होता. एका उन्हाळ्यात पाय तिथे येऊन थांबू लागले. अंग पुढे झुकलेले, तळवे मात्र जमिनीला चिकटल्यासारखे, जागच्या जागी चुळबुळणारे. “काहून थांबले जी मामाजी?” वहिनी विचारायची. “थांब नं, येतो,” ते म्हणायचे. मग निरगाठ सुटावी तसे पाऊल सुटायचे आणि पुढे अंगणभर ते बारीक बारीक पावले टाकत, पाय घासत चालायचे. लघवीला धीर धरवेना, म्हणून रात्री खाटेखाली डबा ठेवला गेला. गावाने निदान करून टाकले : बुढ्याचे वय झाले.

आठवणींचे म्हणाल तर त्या शाबूत होत्या. कोणत्या पोरीच्या लग्नाच्या साली तूर किती झाली, हिंगणघाटच्या बाजारात कापसाला काय भाव फुटला, सारे तोंडपाठ. बिघडला होता तो कामांचा क्रम. ठिबकला पाणी देताना एका तुकड्याचा कॉक उघडल्याशिवाय दुसऱ्याचा बंद करायचा नसतो. उलटे केले की पाणी तुंबते आणि पाइपचा सांधा निसटतो. हे त्यांनीच आम्हा पोरांना शिकवलेले. त्या वर्षी त्यांच्या हातून सांधा तीनदा निसटला. चौथ्या वेळी ते दोन कॉकच्या मध्ये नुसते उभे राहिले, आणि संध्याकाळी पोराने शोधत येईपर्यंत तसेच उभे होते.

पुढे एमआरआय झाला. अहवालात एक ओळ होती : वयोमानानुसार बदल. डॉक्टर म्हणाले, काळजीचे काही नाही. आम्ही निश्चिंत झालो, आणि त्या निश्चिंतपणाची लाज मला आजही वाटते. कारण फिल्म खिडकीपाशी धरली की कोणालाही दिसत होते. मेंदूच्या मधल्या पोकळ्यांभोवती पांढरे पुंजके, वेचणीला आलेल्या पऱ्हाटीसारखे फुटलेले. बाजूच्या करड्या पडद्यावर ते इतके ठळक होते की वहिनीने बोट ठेवून विचारले, “हे का होय?” तिच्या या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हे पुस्तक, असे मी समजतो.

मेंदूचा जवळपास अर्धा भाग श्वेतद्रव्याचा असतो. बाहेरच्या करड्या सालीत पेशींची गावे, आणि आत त्या गावांना जोडणारे तारांचे जाळे. प्रत्येक तारेवर मेदाचे पांढरे वेष्टण असते आणि त्यामुळे संदेश वेगाने धावतो. विशीतल्या माणसाच्या मेंदूतले हे वेष्टणाचे तंतू एकापुढे एक मांडले तर लांबी दीड लाख किलोमीटरच्या आसपास भरते. शाळेच्या पुस्तकांनी आपल्याला पेशींचे कौतुक शिकवले, तारांचे नाही. म्हणून मेंदूचा आजार म्हटले की डोळ्यांपुढे येतात त्या मरणाऱ्या पेशी. गावे शाबूत आणि रस्ते खचलेले, असाही एक आजार असतो हे लक्षात यायला वैद्यकालाही वेळ लागला.

या तारांना रक्त पोचवणाऱ्या धमन्या अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. त्या मेंदूच्या पृष्ठभागावरून आत खोल, लांबवर उतरतात, आणि वाटेत एकमेकींना फारशा मिळत नाहीत. आमच्याकडच्या माणसाला हे सांगायला मी बोर धरणाच्या कालव्याचा आधार घेतो. पाणी कमी सुटले तर मुखाजवळच्या शेतकऱ्याला कळतही नाही. टेलवाल्याचे शेत मात्र वाळते. मेंदूच्या पोकळ्यांलगतचे श्वेतद्रव्य म्हणजे टेलचे शेत. वर्षानुवर्षे रक्तदाब चढा राहिला की या बारीक धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, क्षार बसलेल्या ठिबकच्या नळीसारख्या. रक्त थांबत नाही, पण कमी पडते. वेष्टण विरते, तारा उघड्या पडतात, संदेश रेंगाळतो. काही ठिकाणी धमनी पुरतीच बंद पडून ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा उरतो. लकवा मारत नाही, तोंड वाकडे होत नाही, त्यामुळे कोणी दवाखान्यात धावत नाही. चाल, लघवीवरचा ताबा, कामाचा क्रम लावण्याची आणि निर्णय घेण्याची क्षमता या गोष्टी लांब पल्ल्याच्या तारांवर अवलंबून, म्हणून त्या आधी जातात. आठवणी बऱ्याच काळ टिकतात.

इथे आपली भाषाच आपल्याला फसवते. डिमेन्शियाला मराठीत स्मृतिभ्रंश म्हणायचे ठरले आणि सगळे लक्ष स्मृतीवर गेले. ‘बाबांना नातवंडांची नावे आठवतात, मग त्यांना स्मृतिभ्रंश कसा?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. उत्तर द्यायला मी म्हणीकडे जातो. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्याने निदान शब्द तरी नेमका निवडला होता. त्याने स्मृती नाठी म्हटले नाही. वयाबाबत मात्र तो साफ चुकला. साठीला बुद्धी नाठी होते ती चाळिशीत चढलेल्या दाबाने.

आता थोडे इतिहासात जाऊ, आणि ते सेवाग्रामवरून. गांधीजी १९३६ साली शेगावात राहायला आले. १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्याआधी, १९३५ च्या डिसेंबरात, वर्ध्यातच त्यांचा रक्तदाब चढला होता आणि डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियतकालिकाने त्यांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त २०१९ साली विशेषांक काढला आणि त्यात त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी छापल्या. २६ ऑक्टोबर १९३७ : १९४/१३०. १९ फेब्रुवारी १९४० : २२०/११०. वजन अवघे ४६.७ किलो. रोज मैलोन् मैल चालणारा, मोजून-मापून खाणारा, तंबाखूला न शिवणारा हा माणूस. बीपी हा जाड्या, सुखवस्तू लोकांचा रोग अशी समजूत असलेल्या प्रत्येकाने हे आकडे एकदा वाचावेत.

त्या काळी उपाय काय होता? विश्रांती, मौन, पोटावर मातीच्या पट्ट्या. हसू नका. दाब कमी करणारी भरवशाची गोळी जगात कुठेच नव्हती, आणि चढा दाब ही शरीराची गरज असावी, तो खाली आणू नये, असे सांगणारे मोठमोठे हृदयरोगतज्ज्ञ तेव्हा होते. अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० नोंदला गेला होता. जगातला सर्वांत ताकदवान माणूस आणि त्याच्या डॉक्टरांच्या हातात काही नाही. चित्र पालटायला सुरुवात झाली त्यात मुंबईच्या रुस्तम जल वकील यांचा मोठा वाटा आहे. आयुर्वेदाला जुन्या काळापासून ठाऊक असलेल्या सर्पगंधेने दाब उतरतो, हे त्यांनी रुग्णांवर तपासले आणि १९४९ साली ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात प्रसिद्ध केले. तीनच वर्षांनी सर्पगंधेतून रेसर्पिन वेगळे काढले गेले. पुढे अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या अभ्यासांनी १९६७ आणि १९७० साली सिद्ध केले की दाब उतरवला तर माणसे वाचतात. तोवर गांधीजींना जाऊन दोन दशके झाली होती.

मेंदूकडून निघालेली वाट याला समांतर चालली होती. ओटो बिन्सवांगर यांनी १८९४ साली श्वेतद्रव्य झिजलेल्या रुग्णांचे वर्णन केले, आणि १९०२ साली त्या विकाराला त्यांचे नाव दिले ते आलोइस आल्त्सहायमर यांनी, ज्यांना आपण अल्झायमर म्हणतो. ज्याच्या नावाच्या रोगाने नंतर सारी प्रसिद्धी खेचून घेतली, तोच माणूस रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या बुद्धिऱ्हासाचाही जाणकार होता. मग मधली कित्येक वर्षे उलटा गोंधळ माजला : म्हातारपणी बुद्धी गेली की सरसकट ‘मेंदूच्या नसा कडक झाल्या’ म्हणायचे. कॅनडाचे व्लादिमिर हाचिन्स्की यांनी १९७४ साली तो मोडून काढला. नसा नुसत्या कडक झाल्याने नव्हे, तर मेंदूत जागोजागी छोटे छोटे घाव झाल्याने बुद्धी जाते, असे त्यांनी मांडले. पुढे सीटी स्कॅन आले, त्यावर पोकळ्यांभोवती विरळ झालेले श्वेतद्रव्य दिसू लागले आणि १९८७ साली हाचिन्स्की यांनीच त्याला ग्रीक शब्दांवरून ल्युकोअरायोसिस हे नाव दिले. अर्थ साधा आहे : पांढऱ्याचे विरळ होणे. त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ फाझेकास यांनी एमआरआयवरच्या या पुंजक्यांना शून्य ते तीन गुण देण्याची पद्धत सांगितली. आजही ती वापरात आहे. मोठेबाबांच्या फिल्मवरचे पुंजके नंतर एका जाणत्या तज्ज्ञाला दाखवले. ते म्हणाले, “तीन.” वयोमानानुसार बदल!

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. साठीनंतर थोडेफार ठिपके बहुतेकांच्या मेंदूत दिसतात आणि दोन-चार ठिपक्यांनी घाबरून जायचे कारण नसते. शिवाय म्हाताऱ्या मेंदूत रक्तवाहिन्यांचा विकार आणि अल्झायमर पुष्कळदा एकत्रच नांदतात. कुणाचा हिस्सा किती हे ठरवणे तज्ज्ञांनाही कठीण जाते. पण या जोडीतला एक भागीदार असा आहे की ज्याला आधीच अडवता येते. तो वगळून बोलणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

अडवता येते याला पुरावा काय, तर दोन अभ्यास. अमेरिकेतला स्प्रिंट, ९,३६१ लोकांवरचा. अर्ध्यांचा वरचा दाब १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न केला, अर्ध्यांचा १४० च्या. २०१९ साली आलेल्या निष्कर्षांनुसार कडक नियंत्रणाच्या गटात बुद्धीची सुरुवातीची घसरण कमी झाली. पुरत्या डिमेन्शियातला फरक मात्र खात्रीने सिद्ध झाला नाही, कारण अभ्यास ठरल्यापेक्षा लवकर थांबवला गेला आणि तेवढे रुग्णच भरले नाहीत. अभ्यासातल्या काहींचे एमआरआय दोनदा काढले होते. श्वेतद्रव्यातले घाव साधारण चार वर्षांत १४० च्या गटात सरासरी १.४५ घनसेंटिमीटरने वाढले, १२० च्या गटात ०.९२ ने. म्हणजे दाब उतरवला की पऱ्हाटी कमी फुटते, हे फिल्मवर दिसले.

दुसरा अभ्यास मला अधिक जवळचा वाटतो, कारण तो खेड्यांतला आहे. चीनमधली ३२६ खेडी, चाळिशीपुढची जवळपास ३४ हजार माणसे, सगळ्यांचा दाब चढा. निम्म्या खेड्यांत गावच्याच साध्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवून ठेवले : दाब मोजा, ठरलेल्या क्रमाने गोळ्या वाढवा, लोकांना गोळी का सोडायची नाही ते समजावत राहा. गोळ्या स्वस्त किंवा फुकट. चार वर्षांनी या खेड्यांत डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी आढळला. हे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. यात कुठेही महागडे यंत्र नाही. वर्ध्याच्या आरोग्य उपकेंद्रात बसून ते वाचताना मला समोर आमच्या आशाताईच दिसत होत्या, खांद्याला पिशवी आणि पिशवीत बीपीचे यंत्र.

कारण हा जिल्हा कोऱ्या पाटीचा नाही. सेवाग्रामला १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. खेड्यात उभे राहिलेले हे वैद्यकीय महाविद्यालय आपल्या प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक देते; पोरे गावात मुक्काम करतात, घरोघर जातात. सावंगीला दुसरे मोठे महाविद्यालय आहे. देशातला उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात सुरू झाला तो सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांतून. तिशीपुढच्या प्रत्येकाची नोंद, ठरलेल्या गोळ्या, महिन्याच्या महिन्याला मोजणी, असा त्याचा साधा घाट. म्हणजे चीनच्या खेड्यांत जे केले त्याचा सांगाडा आपल्याकडे तयार आहे.

मग अडते कुठे? खर्ऱ्याच्या टपरीवर. पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घासणारे हात दिवसभर थांबत नाहीत, आणि घासणारा आणि खाणारा दोघेही ‘मले काही होत नाही’ म्हणतात. अडते ते ताटातल्या लोणच्या-पापडाच्या मिठात. पण सगळ्यात जास्त अडते एका वाक्यावर. ‘बीपी नॉर्मल आलं, मंग गोळी कायले?’ मोठेबाबा हेच म्हणाले होते, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. गोळीची सवय लागते ही भीतीही होती. त्यांना कोणी सांगितले नाही की दाब नॉर्मल आला तो गोळीमुळे. त्यानंतर बावीस वर्षे त्यांनी दाब मोजला नाही. दुखत काही नव्हते, मोजायचे कशाला?

विदर्भातल्याच गडचिरोलीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे असे आहे. सर्च संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतले मृत्यू दोन वर्षे नोंदवले. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताचे, म्हणजे सर्वांत मोठे कारण तेच. बहुतेकांनी घरीच प्राण सोडला. हा अभ्यास २०१५ साली छापला गेला तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. खेड्यात माणसे तापाने, जुलाबाने मरतात असे आपण धरून चाललो होतो. ज्या धमन्यांच्या फुटण्याने किंवा तुंबण्याने ही माणसे दगावली, त्याच प्रकारची झीज कित्येकांच्या मेंदूत न मारता, न बोलता चालू असणार. तिची गणती कोणत्याही मृत्यूच्या नोंदीत होत नाही.

राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे डिमेन्शियाने ग्रासलेली आहेत. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. बायकांचे प्रमाण वाचून मी थांबलो. घरातल्या म्हातारीचा दाब मोजायला कोण नेते? म्हातारा जातो तेव्हा ती सोबत जाते आणि बाकड्यावर बसून राहते.

विदर्भाचा म्हणून आणखी एक धागा आहे आणि तो या विषयावरच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही : सिकलसेल. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक धमन्यांत अडकतात, तेव्हा लहान मुलांच्याही श्वेतद्रव्यात घाव होतात. मुलाला लकवा होत नाही. ते फक्त वर्गात मागे पडू लागते, गणित सुटेनासे होते, मास्तर त्याला आळशी म्हणतात. वैद्यकात याला मूक घाव म्हणतात. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण गावोगाव आहेत आणि २०२३ पासून राष्ट्रीय निर्मूलन मोहीम चालू आहे. तिच्या कार्डावर हिमोग्लोबिनची नोंद असते; ‘शाळेत कसा चाललाय?’ हा रकाना असावा अशी माझी मागणी आहे.

तपासणीच्या भाषेबद्दलही दोन शब्द. बुद्धीच्या चाचण्या बहुतेक इंग्रजीत जन्मल्या. आजची तारीख सांगा, एक वाक्य लिहून दाखवा. कधी शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीला हे विचारून ‘नापास’ ठरवणे हा अन्याय आहे. तिला पोळा किती दिवसांवर आला ते विचारा. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत नव्वदीच्या दशकात संशोधकांनी अक्षरओळख नसलेल्यांसाठी हिंदी चाचणी तयार केली, ती याच कारणाने. पण श्वेतद्रव्याच्या झिजेत तेवढ्यानेही भागत नाही, कारण आजीला पोळा बरोबर आठवेल. तिला पुरणाचा स्वयंपाक कसा करायचा ते पहिल्यापासून सांगायला लावा. डाळ शिजवण्याआधी ती पुरण वाटायला घेते का, कणीक मध्येच सोडून देते का, ते ऐका. मी स्वतः ज्या घरांत गेलो तिथे या एका प्रश्नाने कागदी चाचण्यांपेक्षा जास्त कळले. हे शास्त्र नाही, माझा अनुभव आहे. पुस्तकात शास्त्र काय म्हणते ते स्वतंत्र प्रकरणात दिलेच आहे.

आणि सांभाळणाऱ्याचे काय? गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी बार्देश आणि तिसवाडी तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला. घरी जाऊन कुटुंबाला आजार समजावायचा, वागणुकीतल्या अडचणींवर मार्ग सुचवायचे, जमेल तेव्हा डॉक्टर. हे काम करणाऱ्या व्यक्ती म्हणजे स्थानिक, थोड्या शिकवलेल्या. २००८ साली आलेल्या निष्कर्षात सांभाळणाऱ्यांचे मन थाऱ्यावर आल्याचे दिसले. आमच्या घरी हे कोणी केले नाही. रात्री चारदा उठणाऱ्या वहिनीला सगळे मिळून ‘धीर धर’ म्हणत राहिले. उंबरठ्यावर पांढऱ्या रंगाची पट्टी मारली की पाय सुटायला मदत होते, ही साधी युक्ती आम्हाला कळली तेव्हा मोठेबाबा खाटेला लागले होते.

पुस्तकाच्या रचनेबद्दल फार सांगत नाही. अनुक्रमणिका समोर आहेच. पारिभाषिक शब्द जिथे मराठीत रुळले आहेत तिथे मराठी ठेवले, नसतील तिथे दवाखान्यात बोलतात तेच वापरले. ‘बीपी’ला रक्तदाब म्हणण्याचा हट्ट धरला नाही. औषधांची प्रकरणे आशाताई, परिचारिका आणि नवे डॉक्टर यांना नजरेसमोर ठेवून लिहिली आहेत, बाकीची घरच्यांसाठी. स्मरणशक्तीच्या टॉनिकांवर एकही पान नाही, कारण त्यांच्यासाठी पैसे घालवणारे पुष्कळ आहेत आणि आधार सापडत नाही.

शेवटी सहा पाने आखून कोरी सोडली आहेत. तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा, गोळी घेतली की नाही, असे चार रकाने. मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून बसा, त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा खर्रा नको. पहिली ओळ घरातल्या म्हातारीच्या नावाने भरा, आणि ती आजच भरा.